शरणप्पाची पूड

देवणीचा शरणप्पा बैलांच्या डोळ्यांचा जाणकार. निजामाच्या राज्यात जनावरांचा सरकारी दवाखाना होता तो लांब उदगीरला. त्यामुळे बैलाच्या डोळ्यात फूल पडलं, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग आला, की आसपासच्या दहा गावांतले लोक त्याच्याच दारी येत. तीन-चार गडी बैल पाडून, त्याचं तोंड दोरीनं बांधून धरत आणि शरणप्पा मीठ-तंबाखूची बारीक पूड नळीतून डोळ्यात फुंके. बापाकडून मिळालेली ही विद्या तो पंचवीस वर्षं चालवत होता. कुणाकडून सुपारीचं खांडही घेत नसे.

निजामी १३५० फसली सालच्या, म्हणजे १९४०-४१च्या हिवाळ्यात शाळामास्तर अनंतरावांची बायको कुसुम पदराखाली ससा घेऊन त्याच्याकडे आली. पांढराशुभ्र ससा, तिच्या भावानं हैदराबादहून दिलेला. मूलबाळ नसलेल्या त्या घरात तो देवघरापासून चुलीपर्यंत हिंडे. चार दिवस त्याचा डावा डोळा गळत होता, चिकटत होता. आता बुबुळावर दुधासारखी साय आली होती.

"मामा, खातपीत नाही हो. कोपऱ्यात नुसता बसून राहिलाय."

शरणप्पानं वरवर पाहिलं. "फूल पडलंय, मास्तरीणबाई. बैलाचं जातंय, ह्याचं काय घिऊन बसलाव? धरा घट्ट."

त्यानं नळीत चिमूटभर पूड घेतली आणि फुंकली.

ससा किंचाळला. तान्हं मूल पोळावं तसा चिरका, लांबच लांब आवाज. घरातून शरणप्पाची बायको सिद्धम्मा धावत आली. "अय्यो, कुणाचं लेकरू भाजलं?"

शरणप्पाच्या हातातली नळी गळून पडली. सशाला आवाज असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. कुसुमलाही नव्हतं, दोन वर्षांत तिनं त्याचं हूं की चूं ऐकलं नव्हतं. पण तिनं ससा सोडला नाही.

"पाणी आण, पाणी!" शरणप्पा ओरडला.

सिद्धम्मानं उकळून गार केलेलं पाणी आणलं. थेंब थेंब सोडत त्यानं पूड धुऊन काढली. मग पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं पापणी हलकेच उलटली. नाकाकडच्या कोपऱ्यात, आतल्या गुलाबी पडद्याखाली काहीतरी रुतलं होतं. तुपात भिजवलेल्या कापसाच्या वातीनं त्यानं ते ओढून काढलं. वाळल्या गवताचं कुसळ.

"त्याच्या खाली मीच गवत अंथरते," कुसुम पुटपुटली.

शरणप्पानं ते कुसळ तळहातावर घेतलं. "हे काढायचं सोडून वरनं मीठ टाकलो मी." मग बायकोला म्हणाला, "बैलाचं तर आपुन तोंडच बांधतो गं."

त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढचे पंधरा दिवस तो सकाळ-संध्याकाळ मास्तरांच्या घरी जाऊन डोळा धूत होता. सहाव्या दिवशी सशानं हरभऱ्याचा पाला खाल्ला. डोळा उघडला, पण मसुरीएवढा पांढरा ठिपका कायमचा राहिला. कुसुम त्याला एका शब्दानं बोलली नाही, उलट दर वेळी बसायला पाट देई. त्या पाटावर तो कधी बसला नाही.

महिनाभरानं शेजारच्या गावचे किशनराव तीन गडी आणि बैल घेऊन आले. शरणप्पानं आधी बैलाच्या तोंडाची दोरी सोडवली, पापणी उलटून पाहिली. आत काही नव्हतं. फूल जुनं होतं.

"ह्याला माझ्यापाशी औषध न्हाई. उदगीरला न्या."

"बापाची विद्या विसरलास का रे?"

"विसरलो न्हाई. सोडलो."

किशनराव चिडून निघून गेले आणि तो विद्या विसरला असं गावोगाव सांगत सुटले. शरणप्पाच्या दारातली गर्दी आटली. त्यानंतर जी थोडी जनावरं आली, त्यांतल्या चार बैलांच्या डोळ्यांतून त्यानं कुसळं काढली, आणि चारही डोळे वाचले. लोकांनी वाहवा केली की तो उठून गोठ्याकडे जाई. आधीच्या पंचवीस वर्षांत पूड फुंकलेले बैल किती, हे कुणी विचारलंच नाही. त्याला मात्र त्यातल्या पुष्कळांची नावं पाठ होती.