वस्तीत आलेली पहिली बस

गरम डांबराचा वास आला की मला रायपूरच्या टोकाची आमची वस्ती आठवते. चारी बाजूंनी धानाची शेतं आणि मध्ये रेल्वेत काम करणाऱ्यांची पंधरा-वीस घरं. शहरात जायला बस नव्हती, म्हणून ताईचं कॉलेज सुटायची वेळ आली होती. आईनं घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या, वर्षभर कचेरीत खेटे घातले आणि एका सकाळी सिटी बस खरंच आली. पण नव्या रस्त्याचं डांबर संपलं तिथंच थांबली. “आगे तो खेत है, दीदी,” ड्रायव्हर म्हणाला. अनवाणीच धावत गेलेली आई रागानं मराठीतच बोलली, “शेत दिसते तुमाले, अन् माणसं काहून नाई दिसत?” तेवढ्यात शेजारचा म्हातारा शेतकरी “हव, आ जा, आ जा!” म्हणत बससमोर चालायला लागला, पक्की जमीन दाखवत. त्याच्यामागून डोलत डोलत बस आमच्या दारापर्यंत आली. बायांनी टाळ्या वाजवल्या. ताई चढली आणि काही काम नसताना तिच्यामागून आईही चढली; शहरात एक फेरी मारून ती दुपारी हसत परतली. आज तिथं चौपदरी रस्ता आहे, दहा मजली इमारती आहेत, आणि आमची ताई तिथल्याच कॉलेजची प्राचार्य आहे.