धातूची मोफत, गुप्त तपासणी

चहा आधी घेऊन टाका, मध्ये मी थांबणार नाही. माझ्या फजितीचा हा प्रकार तुम्ही आणखी कोणाकडून ऐकला असेल, तर त्यात मीठमिरची लावलेली असणार असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. उलट लोकांनी माझ्यावर दया करून बराच भाग गाळला आहे.

मी काय काम करते ते आधी सांगते. घाबरू नका, थोडक्यात सांगते. काचेच्या छोट्या ताटल्यांमध्ये किडनीच्या पेशी वाढवायच्या. त्यांना वेळच्या वेळी खायला घालायचं, ऊब द्यायची, लेकरासारखं जपायचं. आणि चांगल्या तगड्या झाल्या की त्यांच्यावर कॅडमियम नावाचा विषारी धातू टाकायचा आणि त्या कशा मरतात ते सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचं. याला संशोधन म्हणतात. यासाठी मला डॉक्टर ही पदवी मिळाली आहे.

तर एक दिवस आमचे सर म्हणाले, "रजनी, ताटलीतल्या पेशी पुष्कळ मारल्यास. आता माणसं आण."

म्हणजे मारायला नव्हे! आमच्या शहराबाहेर हथखोजच्या कारखान्यांत प्लेटिंगचं म्हणजे मुलामा चढवायचं, बॅटरीचं, रंगाचं काम करणाऱ्या लोकांच्या अंगात कॅडमियम जातं. गेलेल्यातलं थोडं लघवीतून बाहेर पडतं. ती लघवी तपासायची आणि किडनीला किती मार बसलाय ते मोजायचं. नमुने मिळाले तर काम पुढे जाणार, नाहीतर प्रकल्पाला तिथंच टाळं.

मी हातात बाटल्या घेऊन कारखान्यांच्या फाटकाबाहेर उभी राहिले. सुट्टी झाली की जो बाहेर येईल त्याला नम्रपणे विचारायचं, "भैया, पेशाब देंगे?"

तुम्हीच सांगा, कोण थांबेल? एकाने तर सायकल फाटकात वळवून परत आत नेली.

रात्री जेवताना मी रडकुंडीला आले. आमचे बाबा इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये. सारा जन्म भट्टीजवळ गेलेला, आता निवृत्तीला आलेले. कोणतीही अडचण आवाज मोठा केला की सुटते असं त्यांचं मत आहे.

"अवं, अशी भिकाऱ्यासारखी कावून उभी राहतं? लोकाले बोलाव न! ई-रिक्षावर भोंगा लाव आन फिरव."

"काय सांगू भोंग्यावर?"

"खरं ते सांग. फक्त किडनी म्हणू नको. लोकाले वाटन, काढून घेते."

मुद्दा पटला. किडनी वगळली. आता आम्ही राहतो हिंदी मुलखात, घरात बोलतात नागपुरी, शाळा झाली हिंदीत आणि शिक्षण इंग्रजीत. त्यामुळे मला तीन भाषा येतात आणि तिन्हींत मी अडाणी आहे. प्रयोगशाळेत आम्ही 'मेटल' म्हणतो. पण म्हटलं, कामगारांशी बोलायचंय, शुद्ध हिंदी शब्द वापरू. पाचवीच्या विज्ञानात शिकलेला शब्द मला आठवला. मोबाईल तोंडासमोर धरला आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या थाटात बोलले:

"नमस्कार भाइयो! क्या आपके पेशाब में धातु जाती है? इसे मामूली मत समझिए! इससे शरीर अंदर ही अंदर खोखला हो जाता है! शर्माइए मत! मुफ़्त जाँच के लिए हथखोज के बंद गैरेज में आइए! आपका नाम पूरी तरह गुप्त रखा जाएगा!"

हसताय? मी नाही हसले. माझ्या दृष्टीने शब्दन् शब्द शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक होता. नाव गुप्त ठेवायचं हा तर आमचा नियमच आहे.

बाबांनी ऐकलं. म्हणाले, "वा! एकदम रेडिओ!" त्यांना काही खटकलं नाही, कारण बाबांसाठी धातू म्हणजे भट्टीतून लालभडक वाहतो तो. वर म्हणतात, "फक्त हथखोज कावून? आपल्या सेक्टर सहात बी फिरवतो, नेहरू नगरात बी. आपल्या लोकायची जिंदगी धातूतच गेली न!"

दुसऱ्या दिवशी बाबांनी सुट्टी टाकली आणि रिक्षात ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

हथखोजमध्ये एका बंद गॅरेजची खोली आम्ही मागून घेतली होती. मी टेबल मांडलं, बाटल्या मांडल्या. मनात म्हटलं, चार जण आले तरी पुष्कळ.

बाप्पा! रांग रस्त्यापर्यंत!

सगळे पुरुष. सगळे शांत. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, ढकलाढकली नव्हती. बहुतेकांनी तोंडाला गमछा बांधलेला, काहींनी मास्क. माझा ऊर भरून आला. म्हटलं, किती जागृती! कारखान्याच्या धुरापासून जपतात बिचारे! एकाने तर डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

पहिला माणूस समोर बसला. चाळिशीचा, काटकुळा, नखं प्लेटिंगच्या पाण्याने पिवळी पडलेली. मूळचा भंडाऱ्याकडचा, नाव वासनिक. "जय भीम, मॅडम," म्हणाला आणि जमिनीकडे बघत राहिला. मीही जय भीम केला, दार लोटून घेतलं आणि मराठीत सुरू झाले.

"कधीपासून त्रास आहे?"

"लग्नाच्या आंधीपासून आहे, मॅडम."

"कामावर असताना जास्त वाटतं की घरी?"

त्याने मान आणखी खाली घातली. "घरी."

"घरी? घरी कसं? घरीपण तुम्ही हेच काम करता?"

वासनिकने वर बघितलं. आता विचार करते तेव्हा कळतं, त्या नजरेत केवढा अपमान गिळलेला होता. तेव्हा मला वाटलं, प्रश्न कळला नाही.

"हातमोजे घालता?" मी पुढे विचारलं.

"कायले?"

"संरक्षणासाठी! आणि तुमच्या सोबतच्यांना? त्यांनाही आहे हे?"

"असते तं सगळ्यायलेच, मॅडम. बोलत नाही कोनी."

मी 'सहकाऱ्यांमध्येही लक्षणे' असा शेरा मारला. "बिडी ओढता? बंद करा. बिडीतूनही धातू जातो."

"हकीम बी हेच म्हणे," वासनिक चकित होऊन म्हणाला.

हकीमसुद्धा इतका अद्ययावत! मला बरं वाटलं. "घरात मुलं आहेत का? त्यांचीही तपासणी केली पाहिजे."

"लेकरंच नाही न, मॅडम." त्याचा आवाज एकदम बसला. "त्याच्याचसाठी तं आलो. हकीमाच्या पुड्या खाऊन खाऊन थकलो. तुमचा आवाज आयकला, वाटलं, बाई मानूस इतकं खुलून बोलून राहिली, तं काहीतरी पक्कं असन."

मी त्याला बाटली दिली. हो, दिली! अजूनही काही लक्षात आलं नाही. पदवी आहे न माझ्याकडे.

असे बरेच जण झाले. मग हेल्मेटवाला आला. नाव विचारलं तर घोगऱ्या आवाजात म्हणतो, "गुप्त आहे म्हणे न?" पण तो आवाज मी जन्मापासून ओळखते. आमच्या समोरच्या क्वार्टरमधले रामटेके काका! दर जयंतीला माईक त्यांच्याच हातात असतो.

"काका, तुम्ही? अहो, इतक्या लांब कशाला आलात, तुमचं मी घरीच येऊन केलं असतं!"

रामटेके काका हेल्मेटसकट पळाले. स्कूटर चालू झाल्याचा आवाजही आला नाही. बहुतेक ढकलत नेली.

मी दारात उभी राहून बघतेय, तेवढ्यात आईचा फोन.

"कुठं आहे तू?"

"कॅम्पमध्ये! आई, काय सांगू, केवढी गर्दी आहे!"

"राहीनच न गर्दी!" आई दात आवळून बोलत होती. "तुह्या आवाजात ते काय फिरून राहिलं गल्लीनं? सगळ्या बाया दारात उभ्या आहेत. आन तुहे बाबा समोर बसून हात दाखवून राहिले, जसे इलेक्शनले उभे आहेत!"

"पण त्यात वाईट काय आहे?"

"रजनी, धातू मंजे काय?"

"लोखंड, शिसं, कॅडमियम..."

"रेल्वेलाइनच्या भिंतीवर काय लिवलं असते, वाचलं नाही कधी?"

आणि मला ती भिंत दिसली. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं. शेजारच्या दुर्गला जाता-येता जन्मभर खिडकीतून बघितलेली. खानदानी हकीम. गुप्त रोग. पेशाब में धातु जाना. शर्माइए मत. पुरुषांच्या ज्या दुखण्याबद्दल, वीर्य जाण्याबद्दल, कोणी चारचौघांत बोलत नाही, त्याची ती जाहिरात. म्हणजे माझी. शब्दन् शब्द.

"आई, मी फोन ठेवते," मी म्हटलं.

"ठेव. आन घरी येशील तं मागच्या दारानं ये."

मी आत आले. टेबलावर भरलेल्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. मला हवे होते तेच लोक, हवे तेच नमुने. कॅडमियम मोजणाऱ्या यंत्राला माणूस कशासाठी आला होता हे थोडंच कळतं? गप्प राहिले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. मी प्रामाणिकपणे सांगते, चांगला मिनिटभर मी गप्प राहिले. पण कानांतून वासनिकचा तो बसलेला आवाज जाईना. त्याला वाटत होतं, या बाटलीतून लेकरू येणार आहे.

मग मी खुर्चीवर चढले.

"भाइयो," मी म्हटलं, "ये वो धातु नहीं है।"

रांगेतले गमछे एकमेकांकडे वळले.

"ये लोहेवाली धातु है। कारखानेवाली। मुझसे गलती हो गई।"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. किडनी काय करते, कॅडमियम तिथं जाऊन कसं बसतं, पेशी कशा मरतात. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम व्याख्यान झालं ते. कोणी हसलं नाही. सगळे गमछ्याच्या वरून डोळे रोखून बघत होते. शेवटी वासनिक, जो अजून कोपऱ्यात थांबला होता, पुढे आला.

"मंजे मॅडम, आमच्या त्या धातूचं औषध तुमच्याजवळ नाही?"

"नाही, भाऊ. माफ करा. त्यासाठी खऱ्या डॉक्टरकडे जा, बायकोलाही घेऊन जा. हकीमाकडे नको. मी चांगल्या डॉक्टरचा पत्ता देते."

"ठीक आहे. आन हे जे लोखंडवाली सांगून राहिल्या, तिचं औषध?"

मी खुर्चीवरून खाली उतरले. "त्याचंही... माझ्याकडे नाही."

"मंग तुमाले येते काय?"

"मोजता येतं," मी म्हटलं.

वासनिक माझ्याकडे बघत राहिला. हकीमासमोर, ठेकेदारासमोर, सगळ्या जगासमोर मान खाली घालणारा तो माणूस. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. त्याला माझी कीव आली होती.

"ते आधीची बाटली फेका," तो म्हणाला. "तवा मले मालूम नव्हतं. नवी द्या."

मी नवी बाटली दिली. ती घेऊन तो दाराकडे वळला आणि निघून जाऊ लागलेल्या बाकीच्यांना हळूच म्हणाला, म्हणजे मला नीट ऐकू येईल इतकं हळू:

"थांबा रे, जाऊ नका. द्या थोडी थोडी. बिचारीले दुसरं काहीच येत नाही."