नवरीच्या आईचा फोटो

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कराडला बी.ए. करते आणि लग्नसराईत एका स्टुडिओवाल्या अण्णांबरोबर फोटो काढायला जाते. माझ्या हातातला कॅमेराही त्यांचाच. मनासारखा एखादा फोटो निघाला की तो मी वेगळा ठेवते. असे फार नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीजवळ एक लग्न होतं. अंतरपाट खाली आला की अण्णा नवरदेवाचा चेहरा घेणार आणि मी नवरीचा, ही आमची नेहमीची वाटणी. "पोरी, जागा सोडू नगंस. ती घडी परत न्हाई मिळत," असं अण्णांनी बजावलंही होतं.

मंगलाष्टका सुरू झाल्या. अजून दोन-तीन तरी होतील असं मला वाटलं, म्हणून मी कार्यालयाच्या मागच्या दाराने बाहेर डोकावले. तिथे तुळशीजवळ नवरीची आई एकटीच उभी होती. लेकीचं लग्न लागताना आईने बघायचं नसतं. ती तुळशीला पाणी घालते. पण हिचे कान स्पीकरकडे होते. प्रत्येक 'सावधान'ला ती मुठीतल्या चार अक्षता समोरच्या भिंतीकडे टाकत होती. कुंडी भरून पाणी तिच्या पायावरून वाहत होतं. मी फोटो काढत राहिले.

एकदम वाजंत्री वाजली. धावत गेले तर हार घालून झाले होते.

"कुठं उलथली हुतीस?" अण्णा ओरडले. मी स्क्रीन पुढे केली. ते बराच वेळ बघत राहिले. "फोटो लय चांगला हाय," ते म्हणाले. "पण ह्यो काढाय सांगितला कुणी तुला?"

पंधरा दिवसांनी ती आई अल्बमचे फोटो निवडायला स्टुडिओत आली. स्वतःचा फोटो बघून हसली. "अगं बया, ही मी व्हय? पुढं घे." पुढे अण्णांच्या फोटोंत नवरीची पाठच होती. पाहुण्यांकडून मागवलेल्या मोबाईलच्या फोटोंत नुसते वर गेलेले हात.

"हार घालताना तिचं तोंड कुठाय?"

मीच म्हणाले, "मावशी, मी तवा तुमच्याकडं आले होते."

"माज्याकडं कशाला आलीस गं? मला बघता येत न्हाई म्हणून तर तुमाला बोलवलं हुतं." मग तिने विचारलं, "कशी दिसत हुती? तू तरी बघितलीस का?"

मीही बघितली नव्हती.

अण्णांनी मला काढून टाकलं नाही. त्यानंतरच्या लग्नांत मी जागेवरून हलले नाही. नवरींचे चेहरे नीट आले, पण एकही फोटो वेगळा ठेवावासा वाटला नाही. कॉलेजातले सर म्हणतात, तो तुळशीचा फोटो स्पर्धेला पाठव, तू काढलेल्यांत हाच खरा. मलाही तसंच वाटतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटते.

पाठवायचा तर त्या मावशींना विचारायला हवं. दोनदा नंबर लावला. रिंग जायच्या आत कट केला.