प्लेटवरचा हिरवा रंग

मोटर बंद करून तिला हात लावायचा, तर तो नेहमी उलटा पंजा लावायचा. पोराचा ताप बघावा तसा. मग म्हणायचा, "आधी प्लेट वाचा, मग बोला." मला वाटायचं, नाटकं आहेत. तुम्हालाही वाटलं असतं.

सिन्नरच्या एका कारखान्यात मी झाडते. शिक्षण चौथी. तो तिथला वायरमन, मनमाडचा, पन्नाशीला आलेला, ठेकेदाराचा माणूस. माल उचलायचा होइस्ट त्याच्याकडे होता. होइस्ट म्हणजे वर रुळावर लटकलेली मोटर, खाली साखळी आणि आकडा. मोटर थांबली की तिचाच ब्रेक लागतो, म्हणून माल वर टिकतो.

एकदा होइस्ट सारखा बंद पडत होता. सुपरवायझर ओरडला, "ओव्हरलोड वाढव ना जरा! माल अडलाय."

ओव्हरलोड म्हणजे विजेच्या पेटीतली डबी. मोटर फार करंट ओढायला लागली की ती मोटर बंद करते. किती करंटला बंद करायची ते स्क्रूने ठरवतात, आणि तो आकडा मोटरवर ठोकलेल्या पत्र्याच्या प्लेटवर लिहिलेला असतो. हे मला त्यानेच सांगितलं, मी न विचारता.

"डबी बरोबर हाय, साहेब," वायरमन म्हणाला. "ब्रेक पुरता सुटत नाय. मोटर ब्रेकशी भांडते."

"भाषण नको."

"भाषण नाय, शिडी द्या."

वर चढून त्याने ब्रेक उघडला, पातळ पत्ती घालून फट मोजली, पाना फिरवला. होइस्ट चालू. डबीला हातही लावला नाही.

जेवायच्या सुट्टीत तो माझ्या डब्यात डोकावायचा. "मावशी, एकच भाकरी? करंट कमी पडंल."

"माझी प्लेट तू वाचू नको," मी म्हणायचे. तो हसायचा आणि त्याच्या डब्यातली मिरची माझ्या झाकणात टाकायचा.

खंडेनवमीच्या आधी आई आजारी म्हणून तो मनमाडला गेला. इकडे मशीनची पूजा होती. सुपरवायझरने माझ्या हातात ब्रश दिला. "मावशी, सगळं चकचकीत करा." मी केलं. होइस्टच्या मोटरवर हिरव्या रंगाचे दोन हात मारले. प्लेटवरही मारले. मला काय, तोही पत्राच. मग हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, पेढे वाटले.

दसरा झाला आणि होइस्ट परत बंद पडायला लागला. वायरमन आला नव्हता. सुपरवायझरने प्लेट शोधली, ती हिरवी. खरवडायला कोणाला वेळ नव्हता. होइस्ट बंद पडायचा थांबेपर्यंत त्याने डबीचा स्क्रू फिरवला. ब्रेक कोणी बघितला नाही. तिसऱ्या दिवशी मोटरमधून धूर निघाला.

वायरमन परत आला तेव्हा ठेकेदाराने गेटवरच त्याचा पास काढून घेतला. म्हणाला, ओव्हरलोड तुझ्या ताब्यात, मोटर तू जाळली.

मी ऑफिसात गेले. मोठ्या साहेबांना म्हटलं, "प्लेट मी रंगवली. स्क्रू सुपरवायझरने फिरवला. मी पाहिलं."

"मावशी, तुम्हाला स्क्रूमधलं काय कळतं?"

"फिरवणारा कळतो."

"बरं, जा आता कामाला." मी गेले. काय करणार होते?

तो आठवडाभर रोज येऊन गेटबाहेर उभा राहायचा, पिशवी घेऊन. कोणी आत बोलावलं नाही. शेवटच्या दिवशी मी चहा नेला आणि रंगाचं सांगितलं.

"हिरवा?" तो म्हणाला.

"हिरवा."

"थिनरनं निघाला असता, मावशी." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाला, "होइस्ट चालतो का?"

"चालतो. जळलेली मोटर नवी तार भरून आणली. नवा वायरमन आलाय, त्याने ब्रेकच ढिला केला. आता बंद पडत नाही."

त्याने कप खाली ठेवला. "थांबवल्यावर माल सरकतो?"

"वीतभर."

"खाली उभ्या राहू नका."

"अरे, त्याच्याच खाली तर झाडायचं असतं मला."

त्याने गेटकडे पाहिलं. वॉचमनने मान वळवली. मग तो बसथांब्याकडे गेला. त्यानंतर मला तो दिसला नाही.

मी आत जाऊन सुपरवायझरला सांगितलं, माल सरकतो, ब्रेक बघा. दुसऱ्या दिवशी त्याने मला लांब दांड्याचा झाडू आणून दिला.