पित्त उठलं हुतं

नानासो फौजेतून सुभेदार होऊन परतले त्याला बरीच वर्षं झाली, तरी बोलण्यातली सुभेदारी गेली नाही. कराडच्या माझ्या औषधाच्या दुकानात यायचे ते बायकोला मागं उभी करून. साळूबाईंनी तोंड उघडायच्या आत हे सांगून मोकळे, "हिच्या पोटरीत गोळे येत्यात, काय तरी द्या." गोळे हिच्या पोटरीत, बोलणार हे. एकदा मी चिडून म्हणालोही, अहो, दुखतंय त्यांना, त्यांना बोलू द्या की. तर नुसते हसले. नानासोंना ताप आला की मात्र साळूबाई एकट्याच यायच्या, आणि यांना कुठली गोळी सोसते, कुठलीनं घेरी येते, हे नीट सांगून गोळ्या न्यायच्या.

गेल्या हंगामात साळूबाईंच्या पायाला उसाचं धसकट लागलं. पाय लाल होऊन पोटरीपर्यंत सुजला. डॉक्टरांनी सेफालेक्सिन ही अँटिबायोटिकची गोळी लिहून दिली. ही सेफॅलोस्पोरिनच्या घराण्यातली थोरली पिढी. मागून धाकट्या कितीतरी आल्या, महागड्याही आल्या; पण जखम चिघळली, गळू झालं, पाय असा सुजला की शहाणा डॉक्टर आधी हिच्याकडंच वळतो. फक्त एक विचारून घ्यावं लागतं. पेनिसिलीनच्या जातीच्या औषधानं पूर्वी कधी अंगावर उठलं होतं का? त्या घराण्याशी हिचं नातं आहे. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याला होतं.

डॉक्टरांनी विचारलं होतं. हे नानासोंनीच मला नंतर सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगावं तसं. साळूबाई म्हणाल्या, "दाताच्या गोळ्यांनी मला पित्त उठलं हुतं."

लगेच नानासो म्हणाले, "ॲसिडिटी हाय हो हिला. येळंवर जेवत न्हाई."

डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते, आणि सुभेदारांचा आवाज मोठा. त्यांनी ॲसिडिटीची एक गोळी वाढवली. ॲसिडिटी म्हणजे तेच असेल, असं वाटलं असणार साळूबाईंना.

पित्त होणं वेगळं आणि पित्त उठणं वेगळं, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. झालं तर घशाशी आंबट येतं, उठलं तर अंगभर गांध्या येतात. साळूबाईंना ते उठलं होतं आष्ट्याला, माहेरी, दाताला दिलेल्या पेनिसिलीनच्या जातीच्या गोळ्यांनी. तोंड सुजून डोळे मिटले होते, असं त्यांची बहीण सांगते. नानासो तेव्हा सरहद्दीवर होते. त्यांनी ते पाहिलंच नव्हतं.

चिठ्ठी माझ्याकडंच आली. चिठ्ठीत चूक काही नव्हती. घरी जेवून साळूबाईंनी पहिली गोळी घेतली. आधी हातापायांना खाज सुटली, मग घसा आवळला. गावाहून शेजाऱ्याच्या गाडीतून कराडला आणेपर्यंत त्या गेल्या होत्या.

नानासो रडले नाहीत. दिवसकार्य उरकलं आणि ते दुकानात येऊन बसायला लागले. चहा दिला तर पितात, नाही दिला तर मागत नाहीत. लोक म्हणतात, फौजी माणूस, खंबीर आहे. मला या बोलण्याचा राग येतो. खंबीर कसला, माणूस बधिर झालाय. त्यांच्यावरही माझा राग होता. तो कधी विझला, कळलं नाही.

परवा त्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मी साताऱ्याला सोबत गेलो. ऑपरेशनआधी शिरेतून सेफाझोलिन देतात, जखमेत पू होऊ नये म्हणून. तेही त्याच थोरल्या पिढीतलं. नर्सनं कागद पुढं घेऊन विचारलं, "काका, पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का?"

काही नाही हो त्यांना, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. नानासोंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी थांबलो. ते डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडं वळले.

"मला म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "ते हिला म्हाईत हाय."