न प्यायलेल्या दारूचं तोंड

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. पण माझं नाक आणि दोन्ही गाल गेली बारा वर्षं लालभडक आहेत, आणि आमच्या नांदुऱ्यात तेवढा पुरावा पुरतो. खामगावच्या त्वचेच्या डॉक्टरने सांगितलं होतं, चेहऱ्याच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, ऊन टाळा, तिखट टाळा. वऱ्हाडात राहून ऊन आणि तिखट टाळायचं! मी कपाळाला हात लावून परत आलो.

एवढंच असतं तर मी लोकांना कोलून लावलं असतं. पण मुलीचं लग्न जमवायचं होतं. आमच्याकडे स्थळ आलं की मुलाकडचे आधी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर चौकशी करतात. पहिल्या स्थळाला त्या चहावाल्याने काय सांगितलं, ते मध्यस्थाकडून कळलं. "माणूस चांगला हाय जी. पण तोंड पाह्यलं ना त्याचं? आता मी काय सांगू!" काहीच न सांगता त्या शहाण्याने सगळं सांगितलं होतं. नकार आला.

मग मेव्हण्याने मेडिकलमधून एक ट्यूब आणली. "भाऊजी, आठ दिवस लावा. लग्नाच्या पोरी हेच लावतात." लावली. चेहरा उजळला, तसा मेव्हणा गावभर मिरवून आला. ट्यूब संपली आणि गाल दुप्पट पेटले, वर काळपट डाग. न विचारता काहीबाही फासलं म्हणून डॉक्टर माझ्यावर खेकसला. मी गाढव, हे मान्य.

त्याच तोंडाने दुसऱ्या स्थळासमोर बसायचं होतं. ऐन वेळी बायकोने स्वतःची पावडर माझ्या नाकावर थापली. पाहुणे जळगाव जामोदचे. मुलाचे वडील गोरेपान. दारातच त्यांनी मला मिठी मारली आणि माझ्या तोंडाजवळ नाक आणून चक्क दोनदा हुंगलं. सकाळचे अकरा वाजले होते. त्यांच्या तोंडाला वेलदोड्याचा वास होता, आणि त्याच्या आडून देशीचा.

खुर्चीत ऐसपैस बसून ते म्हणाले, "आमाले बाकी काही नको. फक्त घराण्यात पिणं नको."

मी स्वयंपाकघरात गेलो. मुलगी पोह्यांच्या बशा भरत होती.

"बाबा, काही बोलले का ते तुमच्या तोंडावरून?"

"बशा खाली ठेव," मी म्हटलं. "या वेळी नकार आपला."

मोरीत जाऊन मी ती पावडर खसाखसा धुतली आणि त्याच लाल तोंडाने सांगायला बाहेर गेलो.