फासा मुठीत असताना

पनवेलच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही तिघं कॉलेजची पोरं कागदावरची लढाई खेळत होतो. मी आणि सुधीर योद्धे, दिनेश राक्षस. घाव बसला की नाही, ते फासा ठरवणार. नियमांची झेरॉक्स दिनेशच्या मामांनी कुवेतहून आणलेली.

राक्षसाची कुऱ्हाड माझ्यावर आली. फासा पडला आणि घाव बसला. मी ओरडलो, "ढाल!"

"आता? फासा पडल्यावर?" दिनेश उसळला. हल्ला झाला की ढाल उचलता येते, एवढंच नियमात होतं. पण हल्ला झाला म्हणजे नेमका कधी?

शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बशीतून चहा पीत उरणच्या गाडीची वाट बघत होते. त्यांची बशी ओठांशीच थांबली. काही कळायच्या आत ते उठले आणि त्यांनी छत्री माझ्यावर उगारली. माझा हात आपोआप डोक्यावर गेला.

"बघ! उगारली तवाच गेला ना हात? लागल्यावर वर करून काय उपेग? मेलास तू!" ते एकदम खुशीत म्हणाले.

मी मेलो. तेवढ्यात उरणची गाडी लागली. गृहस्थ पिशवी घेऊन दारापर्यंत गेले आणि तिथंच वळून बघत राहिले. आता कुऱ्हाड सुधीरवर होती. दिनेश मुठीत फासा खुळखुळवत होता आणि सुधीर विचारच करत बसला होता. बाहेर कंडक्टरने डबल बेल मारली.

"आरं, ढाल बोल ना! ढाल!" दारातून आवाज आला.

सुधीर वाचला. उरणची गाडी गेली. गृहस्थ पिशवी टेबलाखाली सारत विचारत होते, "आता माझा गडी कोन?"